पाच श्रेयांक आणि दोघी जावा

मी रसायनशास्त्राची प्रयोगवही बोलतेय. माझ्या पानापानावर डेल्फिनाचं अक्षर आहे, म्हणून मी मनाने तिचीच.

कॅलिफोर्नियातल्या बदामाच्या बागांमधलं आमचं गाव. तिथल्या दोन वर्षांच्या कॉलेजात डेल्फिना आणि तिची धाकटी जाऊ रोसाउरा संध्याकाळी शिकायला यायच्या. एक शाळेच्या स्वयंपाकघरातून, दुसरी बदाम निवडायच्या कारखान्यातून. प्रयोगाला दोघींत टेबल एक, म्हणून वहीही एक. रोसाउरा काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायची, डेल्फिना लिहायची. दोघींना नर्स व्हायचं होतं. इथे पास केलेल्या विषयांचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, विद्यापीठाने धरले, की थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश.

वसंतात विद्यापीठाची पत्रं आली. डेल्फिनाने शरीरशास्त्र लग्नाआधी, बारा वर्षांपूर्वी केलं होतं. 'फार जुनं' म्हणून ते श्रेयांक नाकारले. म्हणजे अजून एक वर्ष इथेच. रोसाउराचे सगळे विषय धरले. फक्त रसायनशास्त्राचे पाच श्रेयांक दोघींचेही अडले होते. प्रयोग केल्याचा पुरावा शुक्रवारपर्यंत हवा होता. डेल्फिनाला आता घाई नव्हती. रोसाउराचं मात्र सगळं त्यावरच अडलं होतं.

"जाऊबाई, आपली वही द्या ना," ती दारातूनच म्हणाली.

"वही? अगं, ती कधीच रद्दीत गेली."

मी हाताच्या अंतरावर, खणात होते. डेल्फिना त्या खणाला पाठ लावून उभी होती.

"रद्दीत? तुम्ही तर औषधांची रिकामी खोकीसुद्धा टाकत नाही!"

"मग तूच शोध. एवढी हुशार आहेस, सगळे विषय धरलेत तुझे."

रोसाउराचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तुम्हाला आनंद होईल," म्हणाली आणि गेली.

खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. बारा वर्षं पोरं वाढवून शिकणारी मागे राहते आणि कालची आलेली पुढे जाते? डेल्फिनाइतकीच मीही जळत होते.

तिने मला बाहेर काढलं. वाटलं, आता फाडते. पण ती वाचत बसली. अकराव्या प्रयोगापाशी थांबली. तिथे तिनेच लिहिलं होतं: 'तीनदा मी केला, चुकला. चौथ्यांदा रोसाउराने केला, जमला.' ती ओळ तिने पुन्हा वाचली, मला मिटलं आणि खणात नाही, पिशवीत ठेवलं.

गुरुवारी ती रोसाउराच्या दारात उभी राहिली. "चल. वही सापडली." रोसाउराने कुठे, कशी, काही विचारलं नाही.

विद्यापीठाच्या खिडकीतल्या बाईंनी मला चाळलं. "अक्षर एकाच व्यक्तीचं दिसतंय. कुणाचं?"

"माझं," डेल्फिना म्हणाली.

"मग यांनी काय केलं?"

रोसाउरा खाली बघत होती. डेल्फिना नुसती गप्प राहिली असती, तरी रोसाउराचे श्रेयांक बुडाले असते. मला वाटत होतं, तिने गप्पच राहावं.

"मी फक्त लिहिलं, बाई," ती म्हणाली. "थेंब मोजून सोडणं मला जमत नाही. प्रयोग हिने केले. हे बघा, अकरावा." आणि आपल्याच चुकांवर तिने बोट ठेवलं.

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. "इतकं खरं कुणी लिहीत नाही," म्हणत त्यांनी दोघींचेही श्रेयांक धरले. रोसाउराने तिथेच जावेला मिठी मारली.

"पुरे, लोक बघतायत," डेल्फिना म्हणाली.

ऑगस्टमध्ये रोसाउरा विद्यापीठात गेली. रविवारी सगळे जेवायला जमतात, तेव्हा ती "आमच्या वर्गात" म्हणाली, की डेल्फिना पातेलं जरा जास्तच जोरात घासते. हेवा काही गेलेला नाही. पण भांडी आवरली की तीच विचारते, "बरं, या आठवड्यात काय शिकवलं?" आणि सगळं ऐकून घेते.

मी आता तिच्या शरीरशास्त्राच्या पुस्तकाखाली पडून आहे. माझं काम संपलं. डेल्फिना, जाता जाता एवढंच मागते: पुढच्या वर्षी तू तिथे जाशील, रोसाउरा वरच्या वर्गात असेल. तिने लांबून हात केला, तर न दिसल्यासारखं करू नकोस.