प्रोकोपचुकची पक्की टीप

एकोणीसशे त्र्याहत्तर सालची गोष्ट. त्या हिवाळ्यात कॅनडातल्या आमच्या पोर्ट मोरिसनचं बंदर लवकर गोठलं. खाणीत काम जोरात होतं आणि आमचा बर्फावरच्या हॉकीचा संघ तक्त्यात खालीच घुटमळत होता, तरी शनिवारी रिंकमध्ये, म्हणजे आमच्या बंदिस्त बर्फाच्या मैदानात, मुंगीला शिरायला जागा नसे. माझा नवरा अँगस सामन्याच्या मधल्या सुट्टीत बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवायचा. मी संघाच्या जर्सी शिवायचे. फाटलेल्या बाह्या, तुटलेले बंद आणि खेळाडूंची पाठीवरची नावं, सगळं माझ्याकडे असायचं.

नावं शिवायची माझी एक पद्धत होती. गावची पोरं किंवा संघाच्या मालकाने दोन-तीन वर्षांसाठी घेतलेली पोरं असली, तर मशीनवर पक्की टीप. आणि मोसमाच्या मध्येच दुसऱ्या संघातून अदलाबदलीत आलेला असला, तर हाताने धावदोरा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अशी माणसं चार-सहा आठवड्यांत पुन्हा कुठेतरी रवाना व्हायची आणि पक्की टीप उसवताना जर्सीचं कापड खराब व्हायचं, एवढंच माझं कारण. पण पोरांना ते कळलं होतं. नवा माणूस आला की बाकीचे त्याची जर्सी उलटी करून बघायचे आणि ओरडायचे, "मॅगी ॲनने तुला कच्च्यावर ठेवलंय रे! सामान सोडू नकोस!"

नोव्हेंबरात ऑरेस्ट प्रोकोपचुक आला. सस्कॅचवानकडचा, गव्हाच्या प्रदेशातला, युक्रेनी घरातला. वय तिशीच्या बरंच पुढे गेलेलं. पुढच्या फळीत खेळायचा. मोठ्या लीगमध्ये एकही सामना त्याच्या नावावर नव्हता, पण लहान लीगमधलं एकही गाव त्याने सोडलं नव्हतं. नाक दोनदा मोडलेलं, पुढचे दात खोटे, ते काढूनच ठेवायचा, आणि चालण्यात अशी ऐट की जणू हे रिंक त्याच्या आजोबांनी बांधलंय. तो माझ्या दारात उभा राहिला आणि त्याने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्यापुढे धरला.

"मॅगी ॲन तुम्हीच ना? माझं नाव यात आहे."

मी झाकण उघडलं. आत जाड लोकरी कापडाची पांढरी अक्षरं होती.

"बहुतेक क्लबांकडे दोन 'के' नसतात," तो म्हणाला. "एका गावाने मला 'प्रोकोपचू' करून टाकलं होतं. महिनाभर लोक शिंकल्यासारखी हाक मारायचे. तेव्हापासून मी स्वतःचं नाव स्वतः बाळगतो. धावदोराच घाला हां. जाताना मी काढून घेतो, मला सवय आहे."

"जायची एवढी खात्री?"

"खात्री खेळाची आहे, मॅगी ॲन. मी चांगला खेळतो म्हणून लोक मला मागतात. वाईट खेळलो असतो तर एकाच ठिकाणी राहिलो असतो, घरी."

मी डबा ठेवून घेतला.

त्याची बायको लोरेन. आमच्या वरच्या मजल्यावर ती दोघं भाड्याने राहायला आली होती. ती शिक्षिका. गावच्या शाळेत तिसरीच्या बाई बाळंतपणासाठी गेल्या होत्या, आणि तो वर्ग लोरेनला मिळाला. त्या संध्याकाळी ती खाली आली, बटाटा भरलेल्या पिरोहींचं, म्हणजे त्यांच्याकडच्या उकडलेल्या करंज्यांचं, ताट घेऊन. ते टेबलावर ठेवलं आणि उभ्यानेच म्हणाली, "त्याचं नाव शिवलंत?"

"नाही अजून. बस की."

"पक्कं शिवा."

"तो तर कच्चं म्हणाला."

"तो तसंच म्हणतो. सगळीकडे." मग ती बसली. "मॅगी ॲन, मी किती गावांत शिकवलंय ठाऊक आहे? सप्टेंबरात वर्ग घ्यायचा, जानेवारीत मुलांची नावं तोंडपाठ व्हायची आणि फेब्रुवारीत पुन्हा खोकी भरायची. एकही वर्ग जूनपर्यंत, शाळेचं वर्ष संपेपर्यंत, नेला नाही मी. हा न्यायचाय. एक तरी वर्ग सुरुवातीपासून नाही, पण निदान शेवटपर्यंत."

"अगं, माझ्या टिपेने कुणी थांबतं का?"

"थांबत नसेल. पण मला बघू द्या तरी, कसं दिसतं ते."

मी मशीनवर बसले आणि दुहेरी टीप मारली. ऑरेस्टला काही कळलं नाही. समोरच्याची स्टिक कुठे वळणार हे त्याला आधी कळायचं, पण स्वतःची पाठ त्याने कधी बघितली असेल असं वाटत नाही.

आणि तो खरंच चांगला खेळायचा, हे मी सांगितलंच पाहिजे. धावण्यात त्याच्यापेक्षा वेगवान पोरं आमच्याकडे होती. पण पंच दोघांच्या मध्ये पक, म्हणजे ती रबराची चकती, टाकतो ना, त्या क्षणी त्याच्यासारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कमरेत वाकायचा, समोरच्याशी गोड गोड गप्पा मारायचा, "आई बरी आहे ना रे तुझी?" आणि तो उत्तर देईपर्यंत पक याच्या पायांमधून मागे गेलेला असायचा. कोपऱ्यात दोघं अंगावर आले तरी पक त्याच्या स्टिकला गोंदाने चिकटवल्यासारखा. जानेवारीत आम्ही तक्त्यात वर सरकलो. बाद फेरीची आशा वाटू लागली.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी तो माझ्याकडे आला. जर्सी हातात होती. लोरेन माझ्याच टेबलाशी चहा घेत मुलांच्या वह्या तपासत होती.

"उसवा, मॅगी ॲन," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच खणखणीत. "हॅनफर्डच्या संघाने मला मागितलंय. लाशांसचा शब्द झालाय. आजचा सामना त्यांच्याशीच आहे, तो आपल्याकडून खेळायचा, आणि मग सोमवारी लीगला कळवून मी त्यांच्याकडे. त्यांचा एक तरणाबांड बचावपटू इकडे येणार."

रे लाशांस आमचा मॅनेजर आणि प्रशिक्षकही. माणसं बदलायची त्याला इतकी हौस की अँगस म्हणायचा, हा स्वतःच्या सासूलाही दोन राखीव खेळाडूंच्या बदल्यात देऊन टाकेल.

लोरेनने लाल पेन्सिल खाली ठेवली.

ऑरेस्टने माझी उसवणी घेतली आणि खिडकीपाशी बसून पहिल्या अक्षराला भिडला. 'पी' निघता निघेना. जोर लावला तसा तो मधोमध फाटला. मग 'आर', मग 'ओ'. ते कसेबसे निघाले, कडेच्या धाग्यांसकट.

"हे काय शिवलंय? जहाजाचं शीड?" तो म्हणाला. "मी कच्चं सांगितलं होतं ना!"

"मी पक्कं सांगितलं होतं," लोरेन म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं.

"माझी तिसरीची मुलं पाढे शिकतायत," ती म्हणाली. "सातचा झालाय. आठचा सोमवारी घ्यायचाय. नऊचा, दहाचा, बाराचा बाकी आहे. तू जा, ऑरेस्ट. मी नाही येत. भांडत नाहीये मी. मला बारापर्यंत जायचंय."

"जून उजाडेल त्याला."

"हो. जूनच म्हणतेय मी."

त्याने जर्सी मांडीवर पसरली. मग एकदम हसायला लागला. दात काढून ठेवलेले, त्यामुळे ते हसणं मोठं गमतीदार दिसायचं.

"मॅगी ॲन, इकडे या. हे वाचा काय उरलंय ते."

मी चष्मा लावला. "कोपचुक."

"आणि गेलं काय?"

"पी, आर, ओ."

"प्रो!" तो मांडीवर थाप मारून म्हणाला. आमच्याकडे पैसे घेऊन खेळणाऱ्याला प्रो म्हणतात, फुकट खेळतो तो हौशी. "लोरेन, माझ्या पाठीवरचा प्रो निघाला की! आता मी हौशी झालो. आणि हौशी माणसाला कोण विकणार?"

"ऑरेस्ट, वेड्यासारखं..."

पण तो तीच जर्सी अंगात घालून दाराबाहेर पडलाही होता.

पुढचं अँगसने सांगितलं. लाशांसची खोली यंत्राच्या शेडला लागून, मधे एक फळी. अँगसला ऐकायचं नसलं तरी ऐकू यायचं, आणि त्याला ऐकायचं असायचंच.

"हे काय घातलंयस?" लाशांस म्हणाला.

"माझं नवं नाव. साहेब, तुम्ही मला देऊन टाकलंत तर मी आज रात्रीपासून निवृत्त. उद्या खाणवाल्यांच्या हौशी संघात नाव घालतो. याच रिंकवर, रविवारी सकाळी, फुकट."

"फेब्रुवारीत कोण निवृत्त होतं रे?"

"ज्याची बायको जूनपर्यंत शिकवते तो."

"थापा मारू नकोस. इतक्या वर्षांत तू एकदा तरी नाही म्हणालायस का?"

"नाही ना. म्हणूनच बघायचंय, जमतं का ते. हो म्हणण्यात मी तरबेज आहे, ते सगळ्या लीगला माहीत आहे."

"तू निवृत्त झालास तर हॅनफर्डवाला मला पोरगा कशाला देईल?"

"नाहीच देणार. तुमच्याकडे ना तो, ना मी. आणि तुमची बाद फेरी बर्फावरच्या थुंकीसारखी जागच्या जागी गोठेल."

लाशांसने फ्रेंचमध्ये चर्चमधली पूजेची सगळी भांडी एकेक करून उच्चारली. क्वेबेकची माणसं शिव्या तशाच देतात. मग म्हणाला, "संध्याकाळी खेळ. हॅनफर्डचा मॅनेजर तुला बघायला बसणार आहे. त्यानंतर बोलू."

"बघू दे की. बघायला मी कुणाला नाही म्हणत नाही."

त्या संध्याकाळी तो 'कोपचुक' पाठीवर घेऊन बर्फावर उतरला. हॅनफर्डच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "अरे म्हाताऱ्या, अर्धं नाव गहाण टाकलंस काय?"

"घरी ठेवलंय," हा ओरडला. "तुमच्यासाठी अर्धं पुरे!"

आमच्या लोकांना तेवढंच हवं होतं. खाणीतली दणकट माणसं बाकांवर पाय आपटून "कोप-चुक! कोप-चुक!" करू लागली. लोरेन माझ्या शेजारी, हातमोजे घातलेले हात मांडीखाली दाबून बसली होती.

सामना जवळजवळ शेवटापर्यंत बरोबरीत. मग त्यांच्या टोकाच्या डाव्या कोपऱ्यातून त्याने पक उकरून काढला आणि मागे न बघता गोलसमोर सरकवला, तिथे आमचा पोरगा उभा होताच. एक गोल पुढे. शेवटच्या मिनिटात हॅनफर्डने गोलरक्षक बाहेर काढला, त्याच्या जागी आणखी एक आक्रमक उतरवला आणि सगळी फौज आमच्या टोकाला आणली. पंचाने पक टाकला, ऑरेस्टने मागे ओढला. पुन्हा शिट्टी, पुन्हा पक, पुन्हा त्यानेच. तिसऱ्यांदा समोरचा पोरगा रागाने थरथरत होता आणि ऑरेस्ट त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता. तोही पक आमचाच. भोंगा वाजला.

मी टाळ्या पिटल्या. लोरेनने नाही. "मॅगी ॲन," ती म्हणाली, "एवढं चांगलं कशाला खेळायचं त्याने? आता तर ते नक्कीच मागतील."

तिचं बरोबर होतं. हॅनफर्डचा मॅनेजर थेट लाशांसच्या खोलीत गेला आणि म्हणाला, बचावपटू तर देतोच, वर एक आक्रमकही देतो. तो गेल्यावर लाशांसने ऑरेस्टला आत बोलावलं. अँगस फळीला कान लावून.

"बाबा रे, तू स्वतःच स्वतःचा भाव वाढवून ठेवलास. दोन माणसं देतायत ते. आता सांग, दुपारचं ते खरं होतं?"

"भाव वाढला तो कोपचुकचा," ऑरेस्ट म्हणाला. "करार प्रोकोपचुकचा आहे. तो निवृत्त व्हायला तयार बसलाय, सही करायला पेन द्या."

खुर्ची करकरली.

"माझी बायकोसुद्धा माझ्याशी इतकं भांडत नाही," लाशांस म्हणाला.

"माझीही भांडली नाही, साहेब. तिथेच तर मी अडकलो."

लाशांस हसला. अँगस शपथेवर सांगायचा की तो माणूस त्या एकाच वेळी हसला. "जूनपर्यंत," तो म्हणाला. "जून उलटला की विकून टाकीन तुला."

"खुशाल. तेव्हा शाळेला सुट्टी असते."

रविवारी सकाळी मी सुई-दोरा घेऊन त्याची जर्सी मागितली. 'पी' फाटलेला होता, पण मी नवा कापला असता. ऑरेस्टने जर्सी पाठीमागे लपवली. "जिंकलोय ना? मग काही बदलायचं नाही." हॉकीवाल्यांचं हे वेड. जिंकत असले तर मोजेसुद्धा धुऊ देत नाहीत. आम्ही जिंकत गेलो, आणि ते नाव तसंच राहिलं. बाद फेरीच्या दुसऱ्या टप्प्यात हरलो, पण तोवर सगळं गाव त्याला कोपचुकच म्हणायला लागलं होतं.

लोरेनने बाराचा पाढा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात घेतला. त्या वर्गातल्या एका मुलीने तिला गोठवलेल्या ब्लूबेरींची बरणी दिली होती; ती बरणी तिने कितीतरी वर्षं पेन्सिली ठेवायला वापरली. पुढे ती त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाली. अजून गुरुवारी माझ्याकडे चहाला येते, काठी टेकत, आणि माझ्या चहाला नावं ठेवते.

लाशांस मे महिन्यातच गाव सोडून गेला. मालकांनी त्याला काढलं, आणि हॅनफर्डनेच त्याला घेतलं. जाताना त्याने मला त्याच्या कोटावरचं संघाचं बोधचिन्ह काढून द्यायला सांगितलं. मला एक क्षणही लागला नाही. ते मी धावदोऱ्यावरच लावलं होतं.

त्याच्या जागी आलेल्याने ऑरेस्टला विकायचा विषय काढला नाही. तो आणखी दोन मोसम खेळला, मग गावच्या पोरांना शिकवू लागला. पक टाकताना समोरच्याची आई बरी आहे का हे विचारायची खोड आमच्या गावच्या पोरांना लागली ती त्याच्याचमुळे. हॅनफर्डने देऊ केलेली ती दोन माणसं कुठे गेली, मला ठाऊक नाही. अँगस यंत्र चालवत चालवतच निवृत्त झाला आणि दोन वर्षांत वारला. ऑरेस्ट गेल्या शरदात गेला, झोपेत, स्वतःच्या घरात.

मला आता सुईत दोरा ओवता येत नाही. माझ्या बटणांच्या डब्यात 'आर' आणि 'ओ' आहेत, फाटलेल्या 'पी'चे दोन तुकडेही आहेत. जर्सी रिंकच्या दारापाशी काचेत लावली आहे. नवी पोरं विचारतात, हा कोपचुक कोण? मी त्यांना नाक काचेला लावून बघायला सांगते. पहिल्या 'के'च्या आधी तीन अक्षरांएवढी जागा बाकीच्या कापडापेक्षा गडद आहे, आणि तिच्या कडेने माझ्या टिपेची भोकं अजून दिसतात.