हरवलेल्यासाठी टाळ्या

जानेवारी लागला, इकडचा उन्हाळा तापला, की माझं घर माझं राहत नाही. मार देल प्लातात जन्माला यायचं म्हणजे समुद्राकाठी फुकटची धर्मशाळा चालवायची. अख्ख्या ब्वेनोस आयरेसला एकदम आठवण होते, की अरे, आपलं तिकडे कुणीतरी आहे! चुलत, मावस, शेजारणीची मेहुणी, सगळे टपकतात. गाद्या मागतात, गरम पाणी संपवतात, न्हाणीघरात घमेलंभर वाळू सोडतात आणि वर मलाच विचारतात, "समुद्र एवढा जवळ आणि तू जात नाहीस?" कधी जाऊ रे बाबांनो? पहाटे पाचला मी बंदरावरच्या कारखान्यात गमबूट चढवून उभी असते, मेरलुसा मासा साफ करत. तुम्ही दुपारी लिंबू पिळून मिटक्या मारत खाता ना, तोच.

यंदा सख्खा भाऊच आला. ओरासिओ, त्याची बायको फाबियाना, एक छत्री, दोन खुर्च्या आणि मुक्काम पंधरा दिवस. पप्पा बारा महिने माझ्याकडे. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, पाय ठणठणीत, पण चार वर्षांपासून डोकं कधी इथे तर कधी भलतीकडे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात ते हेच.

तिसऱ्या दिवशी जेवताना ओरासिओला पुळका आला. "ताई, तू पप्पांना कोंडून ठेवलंयस. चाळीस वर्षं त्यांनी त्या वाळूवर लोकांचे तंबू उभारले. उद्या मी नेतो त्यांना ब्रिस्टोलच्या किनाऱ्यावर."

"नजर हटली की चालायला लागतात ते. सांभाळशील?"

"मी काय लहान आहे?"

छप्पन्न वर्षांचा घोडा. मला वाटलं, जाऊ दे, एक दिवस तरी डोक्याला ताप नको. चुकलंच माझं. सकाळी निघताना मी बॉलपेननं पप्पांच्या हातावर माझा फोन नंबर ठसठशीत लिहिला. "हा पुसू नका," म्हणून दोघांनाही बजावलं. फाबियानानं मान डोलावली, मी या डोळ्यांनी बघितली.

दीड वाजता कारखान्यात फोन वाजला.

"ताई, रागावू नकोस हं."

या वाक्यानंतर आजवर कधी चांगली बातमी आलेली नाही.

"पप्पा दिसत नाहीयेत," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"झाला असेल... दीडेक तास."

दीड तास! मी सुरी टेबलावर टाकली. वर ऊन मी म्हणत होतं, पप्पांची दुपारची हृदयाची गोळी घरात डबीत तशीच होती, आणि समोर समुद्र. या माणसाला पोहायला फार आवडायचं. आजही पाणी दिसलं की शर्टाची बटणं काढायला लागतात. शेजारच्या टेबलावरच्या दोरिसनं मला स्कूटरवर घातलं. ॲप्रन, टोपी, गमबूट, सगळं अंगावर तसंच.

ब्रिस्टोलवर जानेवारीत वाळू दिसत नाही, माणसंच दिसतात. टॉवेलाला टॉवेल, छत्रीला छत्री. मी मधून वाट काढत निघाले तशी लोकं नाकं धरायला लागली. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "ई, काय हा वास!" मी म्हटलं, "तुमच्या जेवणाचा आहे." थांबायला वेळ नव्हता, नाहीतर अजून ऐकवलं असतं.

ओरासिओ छत्रीखाली उभा होता, अंगभर पांढरं मलम फासलेला. फाबियाना खुर्चीत होती. चक्क बसलेली!

"शोधलंस कुठे?" मी विचारलं.

"इथेच जरा आसपास. म्हटलं, येतील. आम्ही पत्ते खेळत होतो, ते इथेच मागे बसले होते, मग बघतो तर..."

"आणि नंबर? कुणी फोन कसा केला नाही मला? हातावर नंबर होता ना?"

ओरासिओनं बायकोकडे बघितलं. फाबियाना म्हणाली, "अहो ताई, मलम लावताना मी पुसला तो. लोकं बघत होती. म्हाताऱ्या माणसाच्या हातावर असा नंबर, पार्सलासारखा, बरं नाही दिसत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "बरं नाही दिसत? आणि बुडून वर आले तर बरं दिसेल?"

"असं अभद्र बोलू नका. आम्हालाही काळजी आहेच की. त्यात सकाळपासून डोकं उठलंय. ती पोरं हरवतायत काय, टाळ्या काय! साडेबाराला सुरू झाल्या, एक वाजला तरी चालूच. सांभाळता येत नाहीत तर आणतात कशाला पोरं? तरी आम्ही वाजवल्या हो. ओरासिओनं तर हात लाल होईपर्यंत वाजवल्या."

"आत्ताही चालूच आहेत," ओरासिओ म्हणाला आणि धक्क्याच्या बाजूला बोट दाखवलं.

मी कान दिला. लांबून, लाटांच्या आवाजातून, खरंच टाळ्या येत होत्या. थकलेल्या, पण थांबत नव्हत्या.

टाळ्या म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. याच वाळूवर मी नऊ वर्षांची असताना पप्पांनी ओरासिओचा हात माझ्या हातात दिला होता. तो सहा वर्षांचा, लाल चड्डी घातलेला. मी शिंपला उचलायला वाकले आणि हात सुटला. कुणा भल्या माणसाला तो सापडला. आमच्याकडची रीत आहे तशी त्यानं पोराला खांद्यावर घेतलं आणि टाळ्या वाजवत चालायला लागला. जो बघेल तो वाजवतो, आणि ज्याचं पोर हरवलंय त्यानं आवाजाच्या दिशेनं पळायचं. पप्पा पळाले. ओरासिओला चुरो मिळाले, गरम तळलेले, साखर लावलेले, पुडाभर. मला थोबाडीत मिळाली.

आणि तेव्हाही सगळा खेळ पाच-दहा मिनिटांत आटपला होता. कुठल्या आईबापाला त्याहून जास्त वेळ लागतो? दीड तास टाळ्या वाजतायत आणि कुणीच पळत येत नाही, असं कुठलं पोर असेल?

"गाढवा," मी म्हणाले, "पप्पांसाठी वाजतायत त्या. तू आपल्याच बापासाठी टाळ्या वाजवत बसलास, जागचं न हलता!"

"काहीतरीच काय, ताई! म्हाताऱ्या माणसासाठी कोण टाळ्या..."

पुढचं ऐकायला मी थांबले नाही. गमबूट घालून वाळूत कधी पळून बघा. दोनदा पडले, कुणाच्या तरी जेवणाच्या डब्यावर पाय दिला, शिव्या खाल्ल्या, दिल्या. डोळे सारखे पाण्याकडे जात होते. पांढरं डोकं दिसलं की तिकडे वळायचे.

धक्क्याजवळ जीवरक्षकाचं लाकडी मचाण आहे. तिथे, वरच्या खुर्चीत, राजासारखे पप्पा बसलेले! डोक्यावर जीवरक्षकाची टोपी, हातात अर्धा चुरो. खाली दहा-बारा माणसं घामाघूम होऊन टाळ्या वाजवत होती. चुरो संपला तसे पप्पाही त्यांच्याबरोबर वाजवायला लागले.

मी मचाणाला धरून उभी राहिले.

टोपली गळ्यात अडकवलेला एक आडदांड चुरोवाला पुढे आला. "तुम्ही यांच्या कोण?"

"मुलगी."

"मुलगी! वा! दीड तास, बाई, दीड तास! मला येऊन म्हणाले, माझा मुलगा हरवलाय, सहा वर्षांचा, लाल चड्डी. मी म्हटलं चला, शोधू. मुलगा कुठल्या साली झाला विचारलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हरवलंय कोण. खांद्यावर घेता येईना म्हणून इथे चढवलं. आठ-दहा घरची माणसं आली आणि हात दुखले म्हणून गेली, नवी आली. माझे चुरो थंड झाले. तुम्ही कुठे होतात हो? सुट्टी मजेत चाललीय ना?"

सुट्टी! माझ्या ॲप्रनवर माशाचे खवले चिकटलेले आणि म्हणे सुट्टी. जिभेवर आलं होतं सगळं. गिळलं. त्या माणसानं माझा बाप वाचवला होता, त्याच्यावर कुठल्या तोंडानं ओरडू? "उपकार झाले तुमचे," एवढंच म्हणाले. लोकं मान हलवत माझ्याकडे बघत होती.

जीवरक्षकानं पप्पांना धरून खाली उतरवलं. मी हात पुढे केला तेवढ्यात मागून धापा टाकत ओरासिओ आला. लाल चड्डी होती त्याची. आत्ता माझ्या लक्षात आलं.

"ओरासिओ!" पप्पा एवढ्यानं ओरडले की टाळ्या थांबल्या. "सापडला! सापडला माझा मुलगा!"

दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. ओरासिओ हमसून हमसून रडायला लागला आणि पप्पा त्याची पाठ थोपटत राहिले. "रडू नको, बाळा. आलो ना मी." सगळा जमाव पुन्हा टाळ्या वाजवायला लागला, या वेळी जोरात. चुरोवाल्यानं तर डोळे पुसले आणि ओरासिओला एक चुरो दिला. दिला खरंच!

मी पप्पांची बाही ओढली. "पप्पा, चला घरी. गोळी घ्यायचीय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. टोपी, ॲप्रन, गमबूट. मग अनोळखी बाईशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "बाई, तुम्ही पण वाजवा ना. माझा मुलगा सापडलाय." आणि माझ्या कानाशी वाकून, "मुलीच्या हातात दिला होता हो मी. तिनं सोडला. घरी गेल्यावर बघतो तिच्याकडे."

ओरासिओनं ते ऐकलं. पप्पांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलंही. 'नाही पप्पा, तिनं नाही, आज मी सोडलं तुम्हाला,' एवढं म्हणायला त्याच्या बापाचं काय जात होतं? चुरो हातात धरून तो नुसता रडत राहिला.

पप्पा वाट बघत होते. मी हात ॲप्रनला पुसले आणि टाळ्या वाजवल्या.