एकच खाच

आमच्या घरात वस्तू कोणीही वापरो, ती केवढी घ्यायची हे अण्णा ठरवतात. अण्णा म्हणजे माझे वडील, मल्हारराव. दुकानात त्यांनी एकदा शब्द दिला की दिला. आईच्या स्वयंपाकघरात त्यामुळे एकही पातेलं तिच्या पसंतीचं नाही.

मी कारखान्यांचे नकाशे काढते. १९९८ साली बेंगळूरमध्ये स्वतःचा लॅपटॉप घेऊन साइटवर जाणारी बाई म्हणजे लोकांना तमाशाच वाटायचा, आणि आनेकलच्या एका कारखानदारापुढे खरोखरच तमाशा झाला. अख्खा नकाशा उघडायला गेले आणि लॅपटॉप जो गोठला तो गोठलाच. शुक्रवारी पुन्हा दाखवा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो, असं त्याने तोंडावर सांगितलं. माझ्या स्वतःच्या नावावरचं ते पहिलं काम. ते मला हवंच होतं.

मेमरी वाढवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. गुरुवारी एस. पी. रोडवर आप्पाजींच्या कॉम्प्युटरच्या दुकानात पोचले, तर अण्णा आधीच स्टुलावर बसून कॉफी पीत होते. आप्पाजी आमच्यातलेच, त्यामुळे मी यायच्या आत सगळं ठरलंही होतं.

"सोळा एमबीची पट्टी घ्यायची. मी शब्द दिलाय," अण्णा म्हणाले.

"मला बत्तीसची लागते."

"साकु, अक्का, तेवढी बास," आप्पाजी म्हणाले. "पत्रंबित्रं टाइप करायला सोळा पुरून उरेल."

"मी पत्रं टाइप करत नाही. कारखाने काढते."

अण्णांनी समजुतीचा सूर लावला. "पद्मा, आत्ता सोळा घे. दिवाळीला आणखी सोळा घालू. तुझ्या आईची पुतळ्यांची माळ अशीच झाली की नाही? वर्षाला एक पुतळी. स्वल्प दम धर."

माझं डोकंच फिरलं. जन्मभर दमच धरत आले होते. लॅपटॉप उलटा केला, आप्पाजींचाच स्क्रूड्रायव्हर उचलला आणि मागचं झाकण काढून अण्णांपुढे धरलं.

"बघा. खाच एकच आहे. माळेत पुतळ्या ओवाव्यात तशा यात पट्ट्या ओवता येत नाहीत. आज सोळा बसवली तर दिवाळीला ती काढून टाकावी लागेल."

"पण मी शब्द दिलाय."

"मग ती पट्टी तुम्ही घ्या, अण्णा. लॅपटॉप माझा आहे, पैसे माझे आहेत, आणि उद्या तोंडघशी मी पडणार आहे."

मग आप्पाजी हळूच "सरी, अक्का, बत्तीसच" म्हणाले आणि त्यांनी कपाटातून बत्तीसची पट्टी काढली. अण्णा अर्धी कॉफी तशीच ठेवून चालते झाले.

रात्री अण्णा माझ्याकडे पाठ करून जेवायला बसले. आई वाढता वाढता पुटपुटली, "माफी माग." मी भात मागितला.

शुक्रवारी आनेकलला नकाशा उघडला. भिंती, बॉयलर, सांडपाण्याच्या नळ्या, सगळं एका दमात पडद्यावर आलं. कारखानदार वाकून बराच वेळ बघत राहिला.

"छान झालंय," तो म्हणाला. "आता पुढचं ठरवायला वडिलांना पाठवून द्या."

मी समोरची खुर्ची ओढली आणि बसले.

"वडील नकाशे काढत नाहीत," मी म्हटलं. "बोला."