तीस मिलिलिटर

मंचावरच्या तरुण डॉक्टरनं, मुंगीनं, एकेक छोटी नळी उघडून तिच्यातलं लाल पाणी औषधाच्या प्लास्टिकच्या पेल्यात ओतलं. पेला काठोकाठ भरला, तेव्हा तिनं तो उचलून सभागृहाला दाखवला.

"एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून नव्वद मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं. पहिल्या महिन्यात नुसत्या तपासण्यांसाठी आम्ही त्यातलं एवढं काढून घेतो. तीस मिलिलिटर. मग बाळ पांढरं पडतं, आणि आम्ही त्याला दुसऱ्याचं रक्त भरतो."

सभागृहातली चुळबुळ थांबली. तिसऱ्या रांगेत बसलेल्या मॅडमनी पाठ ताठ केली. मुंगी त्यांची विद्यार्थिनी, त्यांच्याच नवजात विभागातली निवासी डॉक्टर. चण एवढीशी, आणि दिवसभर काही ना काही उचलून इकडून तिकडे नेणारी, म्हणून सिस्टरांनी तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली आणि पुढे मॅडमही तेच म्हणू लागल्या. संशोधन करू पाहणाऱ्या तरुण डॉक्टरांची ही शनिवारची विभागीय परिषद. पहिला क्रमांक येणाऱ्याला मोठ्या संस्थेत दोन वर्षं संशोधनाची जागा. सकाळपासून अकरा जण बोलून गेले होते. त्यांतल्या एकाचंही मॅडमना आता आठवत नव्हतं.

"आणि त्या तपासण्यांपैकी निम्म्यांचे रिपोर्ट," मुंगी म्हणाली, "कुणी उघडूनही पाहिलेले नाहीत."

हे वाक्य मॅडमनी कागदावर दहा वेळा वाचलं होतं. गेलं वर्षभर दर शनिवारी दुपारी मुंगी नोंदवही घेऊन त्यांच्या खोलीत यायची. दोघी मिळून प्रत्येक बाळाचा आकडा पडताळायच्या आणि पानाखाली मॅडम सही करायच्या. कागदावर ते वाक्य त्यांना धीट वाटलं होतं. दोनशे माणसांत मोठ्यानं उच्चारलं गेल्यावर ते निराळंच वाटलं.

परीक्षकांच्या टेबलावरून एक जण पुढे वाकला. मॅडमचा वर्गमित्र. समोरच्याची उलटतपासणी घेतल्याशिवाय त्याचं जेवण पचत नसे, म्हणून कॉलेजात त्याला सगळे वकील म्हणायचे. केस गेले, सवय राहिली.

"डॉक्टर, फार छान ओतलंत पाणी," वकील म्हणाला. थोडे लोक हसले. "मला एवढंच सांगा, निम्मे रिपोर्ट न बघणारा हा विभाग कुणाचा?"

सांगायची गरजच नव्हती. कार्यक्रमपत्रिकेत तिच्या नावाखाली मार्गदर्शकाचं नाव छापलेलं होतं. माना वळल्या. मागून कुणीतरी खुदकन हसलं.

"म्हणजे आपल्या मॅडम आधी बाळांचं रक्त काढतात, आणि मग त्यांनाच भरतात," वकील म्हणाला. या वेळी सगळं सभागृह हसलं. "बरं, हे आकडे मॅडमनी तपासलेत? की त्यांच्या पाठीमागे चाललंय सगळं?"

मुंगीचा हात टेबलावरच्या नोंदवहीकडे गेला. निळ्या पुठ्ठ्याची जाड वही. ती उघडायची, पहिलं पान वर धरायचं, की प्रश्न मिटला. तिनं मॅडमकडे पाहिलं. ती परवानगी मागत होती.

मॅडम उठल्या. उठेपर्यंत आपण काय बोलणार हे त्यांना ठाऊक नव्हतं, असं पुढे त्यांनी स्वतःला अनेकदा सांगितलं.

"मी हे आकडे तपासलेले नाहीत," त्या म्हणाल्या. आवाज अगदी स्वच्छ आला. "विद्यार्थिनीनं हौसेनं मोजलंय, मी अडवलं नाही. पण हे आजच्या सादरीकरणात येणार आहे, याची मला कल्पना नव्हती."

हसू एकदम थांबलं. मुंगीचा हात वहीवर तसाच होता. मॅडम त्या हाताकडे बघत राहिल्या.

मुंगीनं हात उचलला आणि बाजूला घेतला.

"बरोबर आहे, सर," ती म्हणाली. "मॅडमनी पाहिलेलं नाही."

तिनं नळ्या गोळा केल्या, पेला उचलला आणि एक थेंब न सांडता पायऱ्या उतरली.

चहाच्या वेळी वकील बशीतलं बिस्किट घेऊन मॅडमजवळ आला.

"मानलं तुला. स्वतःच्या विद्यार्थिनीबद्दल असं सरळ सांगायला छाती लागते. दुसरा असता तर पांघरूण घातलं असतं."

"पुढे काय होईल तिचं?"

"पहिल्या तिघांत होती ती. माझ्या मते तर पहिलीच. आता बाद करावी लागेल, दुसरं काय?" त्यानं खिशातून पेन काढलं. "दोन ओळी लिहून दे. आकडे पडताळलेले नाहीत, एवढंच. फायलीला लागतं."

"आत्ता?"

"अगं, तोंडी सांगितलंसच की दोनशे लोकांसमोर. आता कागदावर लिहायला काय जातंय?"

मॅडमनी कपबशी बाजूला सारली आणि लिहिलं. दोन ओळींच्या तीन झाल्या. तिसऱ्या ओळीत त्यांनी लिहिलं की विद्यार्थिनी मेहनती आहे. वकिलानं वाचलं आणि म्हणाला, "ही नको, गोंधळ होतो." त्यांनी ती खोडली.

दाराशी एक बाई उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, बोटांना शिलाईच्या सुयांचे बारीक व्रण. मॅडमना बघताच त्या लगबगीनं पुढे आल्या. मुंगी त्यांच्या मागे होती.

"मी हिची आई. कपडे शिवते. आज दुकान बंद ठेवून आले, म्हटलं लेक बोलणार आहे." त्यांनी मॅडमचा हात दोन्ही हातांत धरला. "मला त्यातलं काही कळलं नाही हो. ते साहेब हिला टोचून बोलत होते, एवढं मात्र कळलं. आणि तेवढ्या माणसांत एकट्या तुम्ही उठलात तिच्यासाठी."

मॅडमनी मुंगीकडे पाहिलं. आता ती बोलेल, असं त्यांना वाटलं. बोलून टाकावं, असंही वाटलं.

"घरी रोज तुमचंच नाव असतं," आई म्हणाली. "मॅडम हे म्हणाल्या, मॅडम ते म्हणाल्या. हिचे बाबा गेले तेव्हा ही शिक्षण सोडायला निघाली होती. तुम्ही पाठीशी आहात म्हणून टिकली. आज डोळ्यांनी पाहिलं."

"चल आई, उशीर होतोय," मुंगी म्हणाली.

"अगं, नमस्कार तरी कर मॅडमना!"

मुंगी वाकली. तिची बोटं मॅडमच्या चपलांपर्यंत आली, पण टेकली नाहीत. आईला ते दिसलं नाही.

"कल्याण होईल तुमचं," आई मॅडमना म्हणाली आणि लेकीचा दंड धरून निघाली. वळणावर पोचेपर्यंत ती मान वळवून वळवून बघत होती. मुंगीनं एकदाही मागे पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी मॅडम नेहमीच्या वेळेला विभागात आल्या. आज मुंगी रजेवर असेल, अशी त्यांची अटकळ होती. पण ती पहिल्या काचेच्या पेटीपाशी उभी होती. केस घट्ट बांधलेले, हातमोजे चढवलेले. रविवारी एक बाळ दाखल झालं होतं, नऊशे ग्रॅमचं. मुंगीनं त्याची माहिती घडाघडा सांगितली. आवाजात काही नव्हतं, ना राग, ना रुसवा.

"श्वास व्यवस्थित आहे, रंग चांगला आहे. आज फक्त साखर बघितली तरी चालेल, मॅडम. बाकीच्या तपासण्यांची गरज वाटत नाही."

सिस्टरनं लिहायला पेन सरसावलं आणि मॅडमकडे बघितलं. मागे उभे असलेले दोन निवासी डॉक्टरही बघत होते. शनिवारी तेही सभागृहात होते.

मॅडमनी काचेतून आत पाहिलं. मुंगीचं म्हणणं बरोबर होतं. आज हो म्हटलं, तर या तिघांना आजच कळणार होतं की शनिवारीही तिचंच बरोबर होतं.

"सगळ्या तपासण्या पाठवा," त्या म्हणाल्या. "नेहमीच्या."

"सगळ्या?" सिस्टरनं विचारलं.

"सगळ्या म्हटलं ना मी."

मुंगीनं मान हलवली. पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घालून तिनं बाळाची टाच अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरली, ऊब यावी म्हणून क्षणभर तशीच धरून ठेवली, आणि सुई टोचली. पहिली नळी भरली. तिनं दुसरी लावली.

मॅडम पुढच्या पेटीकडे वळल्या.