सबिहा मॅडमचा आफ्रिकेचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. आफ्रिका खंडाचा. कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांडे असलेला. माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

छापखान्यातून मी किल्लारीजवळच्या एका शाळेत आलो. त्र्याण्णव साली भूकंप झाला आणि शाळेच्या भिंती माझ्या अंगावर कोसळल्या. महिन्याभरानं निवृत्ती गुरुजींनी मला दगडमातीतून ओढून काढलं. शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरू लागली होती. सातवीत निम्मीच मुलं उरली होती. गुरुजींनी माझ्या मधल्या हिरव्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि इथल्या जंगलात माणसाच्या सर्वांत जवळचा प्राणी राहतो, चिंपांझी, असं सांगितलं. भूकंपानंतर मुकी झालेली सबिहा त्या दिवशी पहिल्यांदा बोलली.

"त्यांची घरं पडत न्हाईत का?"

गुरुजी म्हणाले, ते रोज नवं घरटं बांधतात.

पुढं सबिहा लातूरला दयानंद सरांच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवू लागली. गुरुजींनी मला तिच्या हवाली केलं. दोनशे मुलांच्या हॉलमध्ये मी वीस वर्षं टांगलेला होतो. उभं राहून राहून तिचे गुडघे गेले.

गेल्या वर्षी तिनं चिंपांझी बघायला जायचं ठरवलं. मधल्या सुट्टीत माझ्यासमोर उभी राहून ती दोन जंगलं तोलायची. टांझानियातलं महाले तळ्याकाठी, गर्दी कमी. पण होडीचा लांबचा प्रवास आणि वर दमवणारे चढ. युगांडातल्या किबालेत माणसांची वर्दळ, पण वाटा सोप्या. मन महालेकडे ओढायचं, गुडघे किबालेकडे. शेवटी तिनं गुडघ्यांचं ऐकलं. युगांडावर पेन्सिलीनं बारीक फुली मारली. त्या फुलीचा मला केवढा अभिमान वाटला!

तिनं ऑगस्टमध्ये बारा दिवसांची रजा मागितली. दयानंद सर म्हणाले, परीक्षा झाल्यावर मे महिन्यात जा. मे महिन्यात तिथं पाऊस असतो, वाटा निसरड्या होतात, हे तिनं समजावलं. सर हसले. त्या जंगलावर एका मार्काचाही प्रश्न येत नाही, म्हणाले.

तिचा आवाज चढला नाही. "वीस वर्षं मी न पाहिलेलं शिकवत आले, सर. आता बघून येते. मग कामावर ठेवा, न्हाईतर ठेवू नका."

ती गेली. दुसऱ्याच दिवशी सरांनी माझ्यावर गुणवंतांच्या फोटोंचा मोठा कागद चिकटवला. खळ नव्हे, पक्का गोंद. शेजारची भिंत अख्खी मोकळी होती! वीस वर्षं या माणसानं मला पाहिलं होतं, पण वाचलं एकदाही नव्हतं.

परत आल्यावर सबिहानं ओल्या फडक्यानं तो कागद सोडवला. युगांडा त्याच्याबरोबर निघून आला, फुलीसकट. तिनं त्या भोकाच्या फाटक्या कडा बोटानं दाबून बसवल्या. मग मला गुंडाळलं आणि सरांना एवढंच म्हणाली, "हा तुमचा नव्हता."

आता मी तिच्या घरी आहे. समोर तिच्याकडे शिकायला येणारी अकरा मुलं बसतात. किबालेतली एक आई पिलाची बोटं एकेक करून कशी साफ करत होती, ते ती सांगते. ऋतुजा नावाच्या मुलीनं विचारलं, हे परीक्षेत येतं का?

"न्हाई," सबिहा म्हणाली, आणि पुढं सांगू लागली.

मित्रांनो, माझी कीव करू नका. भिंतीवरच्या जुन्या कागदावर काही चिकटवायला हात उचलाल, तेव्हा आधी तो कागद वाचा. आणि दुसरं कुणी चिकटवत असेल, तर त्याचा हात धरा.