कड्यापलीकडचं लग्न

खुंटी पुन्हा उपटून हातात आली तशी नोफाने हातोडा वाळूत भिरकावला आणि तिथेच बसकण मारली.

"ह्या वाळूत खुंटी काय, भूतसुद्धा टिकायचं नाही," ती म्हणाली.

तंबूच्या दुसऱ्या टोकाला तिचा नवरा सुवैलम दोरी कमरेला गुंडाळून मागे रेलून उभा होता. त्याने दोरी सोडली असती तर सगळा तंबू बसला असता.

"बुडाशी दगड लाव की," तो ओरडला.

"तुम्हीच लावा. लग्न काय माझ्या एकटीच्या लेकीचं आहे?"

तरी ती उठली. न उठून सांगते कुणाला! बकरीच्या केसांचा तो काळा तंबू तिच्या सासूच्या हातचा विणलेला, आणि वजनालाही सासूसारखाच. तो इथवर आणताना पिकअप वाळूत रुतली होती. मग पाण्याची पिंपं. मग जळण, तांदूळ, मोठी पातेली, सतरंज्या. लग्न परवावर आलं होतं आणि नोफाची कंबर आजच गेली होती. नवरामुलगा मुतैब हा सुवैलमच्या वारलेल्या भावाचा मुलगा, त्यामुळे नवरीकडचं आणि नवऱ्याकडचं, दोन्ही करणं हिच्याच गळ्यात. मुतैब फौजेत. एकदा ठरलेली तारीख वसंतात मोडली होती. आता मिळालेली सुटी संपली की त्याची तुकडी परदेशी जायची, ती वर्ष-दीड वर्ष परतायची नाही. म्हणजे लग्न आत्ताच व्हायला हवं होतं, आणि तेही असं, चोरट्यासारखं.

खरं तर वस्तीत, त्यांच्या घरासमोरच, टणक जमिनीचं चांगलं मोठं मैदान होतं. नळ हाताशी. घराण्यातली सगळी लग्नं तिथेच झालेली. पण त्या मैदानाच्या पलीकडच्या कडेला हमदाचं दार होतं.

हमदा विधवा. तिचा एकुलता एक मुलगा सत्ताम वसंतात हमरस्त्यावर गाडी उलटून गेला. तेव्हापासून तिच्या दारासमोर ढोल वाजवायचा विचारही कुणाच्या मनात आला नव्हता. नोफानेच ठरवलं: लग्न लहान करायचं, घरच्यांपुरतं, आणि लाल कड्याच्या पलीकडे, जिथून आवाज वस्तीपर्यंत पोचत नाही. बंदुकांचे बार नाहीत, ढोल नाहीत. बायकांना तिने बजावून ठेवलं होतं, हमदापुढे लग्नाचं अक्षर काढायचं नाही म्हणून. बायकांनीही ते इतकं मनावर घेतलं की हमदा नळावर आली की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. तिला हाक मारायचीही पंचाईत. बाईला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारायची इथली रीत. पण ते नाव आता कुणाच्या जिभेवर येईना. मग लोक नुसतंच "बाई" म्हणत, नाहीतर हाकच मारत नसत.

तंबूच्या अर्धवट सावलीत खुजामा तांदूळ निवडत बसली होती. नवरीने कामाला हात लावायचा नसतो, पण माणसं होती कुठे?

"आई," ती मान वर न करता म्हणाली, "दूधआईला सांगितलंस?"

"कुठल्या तोंडाने सांगू?"

"तिला कळणार नाही का?"

"कळेल तेव्हा कळेल. तू खडे बघ. मागच्या वेळी तुझ्या काकाचा दात गेला होता."

खुजामा हसली नाही. ती जन्मली तेव्हा नोफा तापाने फणफणली होती, आणि हमदाने आपल्या सत्तामबरोबर हिलाही अंगावर पाजलं होतं. म्हणून सत्ताम तिचा दूधभाऊ. नवरीच्या उंटाचा दोर तोच धरणार, हे पोरं रांगत होती तेव्हापासून ठरलेलं.

"दोर कोण धरणार मग?"

"तुझे बाबा धरतील."

"बाबांना उंट चावतो."

नोफाने हातोडा पुन्हा उचलला. तिला ह्या सगळ्याचाच वीट आला होता. कधीकधी खुंटी ठोकता ठोकता तिला हमदाचा राग यायचा. हिच्या दुःखापायी माझ्या पोरीचं लग्न मुकं, असं मनात यायचं. मग स्वतःचीच अशी लाज वाटायची की ती आणखी जोरात ठोकायची.

कड्याच्या वळणावर धुरळा उठला. चारा विकणाऱ्याची गाडी होती. गाडी थांबली, दार उघडलं, आणि काळ्या कपड्यांतली हमदा खाली उतरली.

हमदा कुणाकडे न बघता सरळ चालत आली, तंबूत शिरली आणि पाहुण्यांच्या जागी मांडी घालून बसली. सुवैलमने घाईघाईने दोरी एका दगडाला बांधली.

"ये, स... ये बाई, ये. बस," तो म्हणाला. ती बसलेलीच होती.

निखाऱ्यावर कॉफीची किटली होतीच. त्याने कप भरून पुढे केला. हमदाने तो घेतला आणि न पिता आपल्यासमोर वाळूवर ठेवला.

सुवैलमचा हात किटलीसकट तसाच राहिला. पाहुण्याने कॉफी अशी खाली ठेवली की त्याला काही मागायचं असतं. मागणं मान्य होईपर्यंत तो ती ओठाला लावत नाही, आणि यजमानाने नाही म्हणणं म्हणजे स्वतःचं नाक कापून घेणं. पण हे पुरुषांचं काम. मुलीला मागणी घालायला आलेले, नाहीतर खुनाची माफी मागायला आलेले म्हातारे कप ठेवायचे.

"बायका कधी कप ठेवतात का?" सुवैलम कसंबसं म्हणाला.

"माझ्या घरात कप ठेवायला पुरुष उरलाय का?" हमदा म्हणाली.

त्याने किटली परत निखाऱ्यावर ठेवली.

नोफाला वाटलं, संपलं. ही म्हणणार, वर्ष सरेपर्यंत थांबा. आणि हिला नाही कसं म्हणायचं? कुठल्या जिभेने? मुतैब जाईल, पोर अशीच बसेल, त्या परक्या मुलखात त्याचं काही बरंवाईट झालं तर जन्मभर बसेल.

"पी ना आधी," ती म्हणाली. "गार होतेय."

"होऊ दे."

हमदाने सगळीकडे नजर फिरवली. मांस भाजायला खणलेला खड्डा, पिंपं, एका बाजूला कललेला तंबू.

"ही जागा कुणाच्या डोक्यातून निघाली?"

"माझ्याच."

"का?"

नोफाने हातावरचे फोड चोळले. "तुला त्रास नको म्हणून."

"त्रास!" हमदा म्हणाली. "मी नळावर आले की तुम्ही गप्प. दारात उभी राहिले की समोरची पोरं खेळ बंद करतात. घरात माणूस नाही, बाहेर आवाज नाही. शांततेनेसुद्धा कान किटतात, ठाऊक आहे का तुला? रात्री मी भांडी उगाच आपटते. कुणीतरी शिव्या तरी घालील म्हणून."

खुजामाचे हात तांदळात थांबले होते.

"माझं दूध प्यालेली पोर ती. आणि तिचं लग्न मला चारावाल्याने सांगावं? तुम्ही पण कड्याकडे निघालात का, म्हणून विचारत होता मेला. मी म्हटलं, हो, निघालेच आहे."

"चुकलं आमचं," सुवैलम म्हणाला.

"चुकलं ते राहू दे. माझं मागणं ऐका." तिने कपाकडे बोट केलं. "हा तंबू काढा. दरवेळी उभारता तिथे उभारा, माझ्या दारासमोर. ढोल वाजवा. वस्तीला सगळ्या बोलवा. आणि पोरीच्या उंटाचा दोर मी धरणार."

नोफा तिच्याकडे बघतच राहिली. मग एकदम फुटली.

"आणि हे आत्ता सांगतेस? खड्डा खणून झाला, पिंपं आणून झाली, गाडी रुतली, माझ्या कमरेचा काटा ढिला झाला, आणि ही बया आता म्हणते परत न्या! चार दिवस आधी तोंड उघडलं असतंस तर काय झालं असतं?"

"मला विचारलंस तू?"

आपण रडतोय की हसतोय हे नोफाला कळेना. तिने ओढणीने नाक पुसलं.

"पी ती कॉफी," ती म्हणाली.

हमदाने कप उचलला आणि एका घोटात संपवला.

"गार झाली," ती म्हणाली.

सुवैलमने आकाशाकडे बघितलं, तंबूकडे बघितलं, आणि मुकाट्याने दगडाची दोरी सोडायला गेला. खुजामा तांदळाचं ताट तसंच टाकून हमदाला जाऊन बिलगली. हमदाने तिच्या पाठीवरून हात फिरवला, तिचं डोकं हुंगलं आणि हळूच बाजूला केलं.

"चल, सर. अंधाराच्या आत वस्तीत पोचायला हवं."

ती उठून जवळच्या खुंटीपाशी गेली आणि दोन्ही हातांनी ओढायला वाकली. खुंटी नुसत्या धक्क्याने बाहेर आली.

"ही काय खुंटी ठोकलीस गं? वारा आला असता तर नवरा-नवरी उडाली असती."

"असू दे, तू नको करूस," नोफा म्हणाली. "दे इकडे, सत्तामची आई."

हमदाची पाठ तिच्याकडे होती. खुंटी हातात धरून ती तशीच उभी राहिली. मग तिने खुंटीची वाळू ओढणीच्या टोकाने पुसली, ती नोफाच्या हातात दिली आणि पुढची काढायला गेली.