तिसऱ्या गिअरमधला चढ

शेवटच्या रविवारी बाबा नेहमीसारखेच माझ्या शेजारी वही घेऊन बसले होते. गाडी माझी, निवड त्यांची. जुनी, टर्बोवाली. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर अचानक तिचा दम जायचा; पेडल तळापर्यंत दाबलं तरी ती रांगायची. दुसऱ्या दिवशी ठणठणीत. म्हणून दर रविवारी मी कुरकुरत माहेरी यायचे आणि आम्ही तो चढ चढायचो.

"मिस्त्री म्हणतो, टर्बो गेला," मी म्हटलं. "फसलात तुम्ही, बाबा."

"गेलेली वस्तू अशी अधूनमधून परत येत नाही, मास्तरीणबाई. तो सकाळी गार गाडी बघतो. चोर तेव्हा झोपलेला असतो."

त्या दिवशी चोर उठलाच नाही. पाच वेळा चढलो. 'आज शहाण्यासारखी वागली,' असं वहीत लिहून ते म्हणाले, "चल, आई डोळे वटारून बसली असेल."

सोमवारी सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच गेले.

महिन्याभरानं मिस्त्री गाडी न्यायला तयार झाला. भाग सुटे करून विकणार होता. आदल्या दुपारी मी तिच्यातले कागद काढायला बसले, तर वही हाती आली. दम गेला त्या प्रत्येक दिवसापुढे तेच तीन शब्द: गरम, चढ, तिसरा. म्हणजे इंजिन तापलेलं, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावलेला, आणि म्हणून हवेचा दाब सगळ्यात जास्त. टर्बो ठीकच असणार. त्यानं कोंबलेली हवा वाटेत निसटत असणार. हवा नेणाऱ्या रबरी नळीची चीर गार असताना मिटून राहत असेल, तर मिस्त्रीला ती दिसणार कशी? त्या हवेत थोडं तेल असतं, हे बाबांनीच सांगितलेलं. निसटेल तिथे डाग पडेल.

"आई, एखादं पांढरं फडकं दे गं."

तिनं बाबांचं बनियन आणलं. "आणखी दोन वर्षं घातलं असतं त्यांनी हे," म्हणाली, आणि स्वतःच टर्रकन फाडलं.

नळ्यांच्या प्रत्येक जोडावर, प्रत्येक वाकणावर मी पट्ट्या बांधल्या. आई वही धरून शेजारी बसली. चढावर दोनदा काहीच झालं नाही. तिसऱ्यांदा गाडीचा दम गेला आणि मला चक्क आनंद झाला. बॉनेट उघडलं. बाकी पट्ट्या पांढऱ्या, खालच्या वाकणावरची एक तेवढी काळपट ओली. ती सोडून नळी जरा वाकवली, तर नखाएवढी चीर उघडली.

नळी बदलायला मिस्त्रीला अर्धा तास लागला. "मी गारच बघत राहिलो, ताई," तो ओशाळून म्हणाला. "मग, नेऊ का गाडी?"

"नाही."

पुन्हा चढावर गेलो. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी एका दमात टाकीपर्यंत पोचली.

"हे असते ना," आई म्हणाली, "तर आठवडाभर दुसऱ्या कुणाला बोलू दिलं नसतं."

आम्ही दोघी हसलो. वर पोचल्यावर मी इंजिन बंद केलं.

"बाबा," मी म्हटलं, आईसमोरच, मोठ्यानं, "गाडी चांगली निवडलीत. आणि रविवारची मी वाट बघायचे, ती काही गाडीसाठी नाही."